रनटाइम लायब्ररीची देखभाल

प्रोग्रॅम चालू असताना त्याला लागणारी पायाभूत कामे, म्हणजे मेमरी देणे-घेणे, स्ट्रिंग हाताळणे, फाइल उघडणे, तारीख-वेळ काढणे, करणारा कोड म्हणजे त्या भाषेची रनटाइम लायब्ररी. सी भाषेची जीलिबसी हे मुक्तस्रोतातले परिचित उदाहरण. ॲपमधली चूक त्या ॲपपुरती राहते. इथली चूक त्या लायब्ररीवर चालणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये डोके वर काढू शकते. त्यामुळे देखभाल करणाऱ्यांचा बराचसा वेळ जुने काही मोडत नाही ना, हे तपासण्यात जातो.

मेमकॉपी हे फंक्शन एका जागेचे बाइट दुसरीकडे नेते. दोन्ही जागा एकमेकींवर आलेल्या नसाव्यात, ही अट सी भाषेच्या प्रमाणकातच आहे. २०१०च्या सुमारास जीलिबसीत काही प्रोसेसरांसाठी हे काम वेगवान करताना बाइट उचलण्याची दिशा बदलली. अट न पाळणारे प्रोग्रॅम तोवर नशिबाने चालत होते, ते बिघडले. ब्राउझरमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅश प्लेअरचा आवाज खरखरू लागला. नियमाने चूक प्रोग्रॅमची, पण भोगली वापरणाऱ्याने. शेवटी जीलिबसीच्या २.१४ मध्ये या सिम्बॉलची, म्हणजे लायब्ररीने बाहेर दिलेल्या नावाची, नवी आवृत्ती काढली गेली: जुन्या बायनरीला (आधीच तयार झालेल्या प्रोग्रॅम-फाइलला) जुनीच वागणूक, नव्याने लिंक होणाऱ्याला (लायब्ररीशी जोडल्या जाणाऱ्याला) नवी. हीच रीत योग्य आहे.

सोलापूर परिसरातल्या योगदात्यांना हाताशी असलेले काम स्ट्रिंगचे आहे. ‘सोलापूर’ हा शब्द युनिकोड या जागतिक अक्षरसंकेताच्या यूटीएफ-८ मांडणीत २१ बाइटांचा, ७ कोडपॉइंटांचा (प्रत्येक चिन्हाला दिलेल्या क्रमांकांचा) आणि वाचणाऱ्याच्या लेखी ४ अक्षरांचा, म्हणजे अक्षरगटांचा. २० बाइटांवर कापला तर ‘र’चे दोनच बाइट उरतात आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन येतो. ‘अक्कलकोट’ अधिक कसोटीचा: २४ बाइट, ८ कोडपॉइंट, पण अक्षरगट जुन्या नियमाने ६ आणि सप्टेंबर २०२३च्या युनिकोड १५.१ नंतर ५, कारण तेव्हापासून ‘क्क’ हे जोडाक्षर अखंड धरले जाते. तो नियम तेव्हा देवनागरी आणि तेलुगूला लागू झाला, कन्नडला नाही. मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या सोलापुरात हा फरक लगेच जाणवतो. लायब्ररीत युनिकोडचे तक्ते बदलले की कर्सरची उडी, रकान्याची रुंदी, मजकूर कुठे तुटतो हे सगळे बदलते. म्हणून तक्ते दुरुस्ती-आवृत्तीत घालू नयेत. मोठ्या आवृत्तीत घालावेत आणि बदलनोंदीत स्पष्ट लिहावे. चाचणीत रफारासाठी ‘बार्शी’, अनुस्वारासाठी ‘पंढरपूर’ ठेवावे. भारतीय वेळेचा अधिक ५:३० हा फरकही हवाच. कालक्षेत्रे पूर्ण तासांचीच असतात असे गृहीत धरलेला कोड तिथे उघडा पडतो.

दुरुस्तीचा क्रम साधारण असा. तक्रारीतला प्रोग्रॅम छाटत छाटत दहा-वीस ओळींवर आणायचा. त्यावरून आधी नापास होणारी चाचणी लिहायची, मगच कोडला हात लावायचा. चूक कधी शिरली हे गिट या कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातली बायसेक्ट ही आज्ञा उरलेले बदल दर वेळी निम्मे करत सांगते. हजार कमिटांत (नोंदलेल्या बदलांत) सुमारे दहा पायऱ्या लागतात. मग पूर्ण चाचणीसंच ३२ आणि ६४ बिट दोन्हींवर चालवायचा आणि बाहेर दिसणाऱ्या सिम्बॉलांची यादी आधीच्या यादीशी ताडायची. यादीतून एक नाव जरी गळाले, तरी ते वापरणारी जुनी बायनरी सुरू होताना किंवा मध्येच बंद पडू शकते. सुरक्षेची त्रुटी मात्र दुरुस्ती हाती येईपर्यंत प्रकल्पाच्या खासगी मार्गानेच कळवावी.

बिल्ड, म्हणजे कोडपासून लायब्ररी तयार करणे, चालू असताना वीज गेली तर बायसेक्टची स्थिती सहसा गिटच्या फोल्डरमध्ये टिकून असते. अर्धवट लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (एका कोड-फाइलचे यंत्रभाषेतले रूप) मात्र फसवते: तिची वेळ ताजी असल्याने मेक हे बिल्ड चालवणारे साधन तिला पूर्ण समजते आणि पुढे लिंक करताना न उमगणारी त्रुटी येते. वीज जाण्याच्या सुमाराच्या ऑब्जेक्ट फायली पुसून मेक पुन्हा चालवावे.

परवान्याकडेही लक्ष हवे, कारण ही लायब्ररी लोकांच्या प्रोग्रॅमला जोडली जाते. जीसीसी या मुक्त कंपायलरच्या रनटाइम भागांना जीपीएल या मुक्त परवान्यासोबत रनटाइम अपवाद जोडलेला आहे. त्यामुळे, ठरलेल्या अटी पाळून, बंदिस्त प्रोग्रॅमही त्यांच्याशी लिंक करता येतो. दुसऱ्या प्रकल्पातला तुकडा आणताना त्याचा परवाना या अपवादाशी जुळतो का हे आधी पाहावे. एकदा आवृत्ती बाहेर पडली की तो काढून टाकणे फार जड जाते.