‘देवाचा डोळा’ दर ऑक्टोबरला टिपता येतो

‘तीन हजार वर्षांतून एकदाच दिसणारा देवाचा डोळा’ हा संदेश धादांत खोटा आहे. त्यातले चित्र हेलिक्स तेजोमेघाचे, हबल अवकाश दुर्बीण आणि किट पीक वेधशाळा यांच्या निरीक्षणांतून २००३ साली तयार झालेले. सुमारे ६५० प्रकाशवर्षांवर, कुंभ राशीत, म्हाताऱ्या ताऱ्याने झुगारलेले हे वायूचे कवच दर वर्षी दिसते. ऑक्टोबरच्या मध्याला पुण्यातून रात्री साडेनऊला ते दक्षिणेकडे ५० अंशांवर असते.

आकाराने ते पूर्ण चंद्राहून थोडेच लहान, त्यामुळे ८० मिमी व्यासाची, ४८० मिमी नाभीय अंतराची दुर्बीण पुरते. अडचण फिकेपणाची आहे. शहरी उजेडात ते पार बुडून जाते. त्यावरचा उपाय ऑक्सिजनमध्ये आहे.

मधल्या श्वेतबटूचे, म्हणजे त्या ताऱ्याच्या उरलेल्या लहान, तप्त गाभ्याचे तापमान सुमारे एक लाख केल्विन. त्याच्या अतिनील किरणांमुळे ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन सुटतात. अशा आयनावर, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूवर, मोकळा इलेक्ट्रॉन आदळला की आयन वरच्या ऊर्जापातळीत जातो आणि तिथे सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त अडकतो. आपल्या हवेत तेवढ्यात अब्जावधी टकरा होऊन ती ऊर्जा प्रकाश न देताच हिरावली जाईल. तेजोमेघ इतका विरळ, की आयनाला सवड मिळते आणि ५००.७ नॅनोमीटरचा निळसर हिरवा प्रकाश निघतो. १८६४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्स यांना अशाच दुसऱ्या एका ग्रहीय तेजोमेघाच्या (ताऱ्याने झुगारलेल्या कवचाच्या) वर्णपटात या प्रकाशाची रेषा दिसली. ती कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. तो ऑक्सिजनच, हे १९२७ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवले.

कडेला हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश वरचढ ठरतो. या दोन रेषांभोवतीचे ७-७ नॅनोमीटरच आत येऊ देणारा ड्युअल-बँड फिल्टर लावला की दिव्यांचा बहुतेक उजेड अडतो. साध्या डीएसएलआर कॅमेऱ्यातला मूळ फिल्टर मात्र लाल प्रकाशाचा मोठा भाग गिळतो. मधला हिरवा भाग येतो, लाल कडा मरतात.

३०० सेकंदांच्या ६० फ्रेम घ्या. तेजोमेघ ३० अंशांच्या वर जेमतेम सहा तास असतो आणि त्यातलाही काही वेळ तयारीत जातो, म्हणून दोन रात्री धरा. दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल सरकवा, नाहीतर फ्रेम एकत्र करताना सेन्सरचे ठरावीक दोष जुळून तिरप्या रेघा उमटतात. फोकस फिल्टर लावूनच साधा आणि पारा उतरला की पुन्हा तपासा. भिंगावर दव धरले तर ताऱ्यांभोवती धूसर वलये येतात. हीटरची पट्टी सुरुवातीलाच बांधा. फ्लॅट फ्रेम (धुळीचे डाग पुसण्यासाठी एकसारख्या उजेडाचे काढलेले फोटो) कॅमेरा फिरवण्याआधी घ्या, कारण धुळीचे डाग नंतर जागा बदलतात.