सीडी प्लेअरच्या पॉवर सप्लायला हात घालण्याआधी

"कपॅसिटर बदलले आणि प्लेअर बंदच पडला" अशी तक्रार घेऊन येणारे ग्राहक वाढले आहेत. घरी काम करायला आमची ना नाही. सोल्डरिंगला हात बसला असेल तर सीडी प्लेअरचा सप्लाय शिकायला चांगला. पण बिघडून आलेल्या बहुतेक प्लेअरमध्ये चूक एकच निघते, आणि ती शोधण्यात आमचा वेळ आणि तुमचे पैसे जातात.

सगळे जुने कपॅसिटर एकदम काढून बोर्ड मोकळा करायचा आणि मग आठवेल तसे नवे बसवायचे, ही ती चूक. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावरचा पट्टा निगेटिव्ह पाय दाखवतो, हे सगळ्यांना माहीत असते. बोर्डावर मात्र कुठे प्लसची खूण छापलेली असते, कुठे निगेटिव्हकडचा अर्धगोल भरलेला असतो, आणि जुन्या बोर्डावर तीही डागाळलेली. मग "निगेटिव्ह म्हणजे ग्राउंड" असा अंदाज केला जातो आणि तिथेच फसगत होते. प्लेअरमध्ये उणे लाइनही, म्हणजे ग्राउंडपेक्षा कमी व्होल्टेजच्या, असतात. ऑप-अँपसाठी (आवाजाचा सिग्नल हाताळणारी चिप) बऱ्याचदा उणे १२ किंवा १५ व्होल्ट, आणि जुन्या निळसर-हिरव्या डिस्प्लेसाठी साधारण उणे २० ते ३० व्होल्ट. या लाइनवर कपॅसिटरचा प्लस पाय ग्राउंडला जातो! उलटा बसला की तो तापतो, फुगतो, कधी फुटतो, आणि रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) किंवा फ्यूजलाही घेऊन जातो. डिस्प्लेच्या लाइनवर चुकून २५ व्होल्टच सोसणारा नग बसवला तरी शेवटी तेच.

म्हणून एक काढा, एक बसवा. आधी बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. काढलेला नग फेकू नका. कागदावर चिकटवा आणि शेजारी बोर्डावरचा त्याचा नंबर लिहा. काम अर्धवट राहिले तर तो कागदही आमच्याकडे घेऊन या, बिल नक्की कमी होईल.

दुसरा नेहमीचा प्रश्न: "२२०० मायक्रोफॅरडच्या जागी १०,००० चा टाकू का?" नको. आपली वीज ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर (एसीचे डीसी करणारे चार डायोड) रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, १०० हर्ट्झचा. कपॅसिटर फार मोठा केला की तो थोड्या वेळात जोराचा करंट ओढून भरतो. डायोड आणि छोटा ट्रान्सफॉर्मर तापतो, चालू करताना फ्यूजही उडू शकतो. शिवाय पुढे ७८०५ सारखा रेग्युलेटर उरलेला रिपल हजारपटीने खाली आणत असतो, त्यामुळे एवढ्या खटाटोपाचा फायदा कानापर्यंत क्वचितच पोचतो. २२०० च्या जागी ३३०० ठीक, ४७०० म्हणजे पुष्कळ झाले. व्होल्टेज मूळ आकड्यापेक्षा कमी कधीच नको. पैसे खर्च करायचेच तर ८५ अंशांऐवजी १०५ अंशांचा नग घ्या. आतले तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, म्हणून प्लेअर तापणाऱ्या अँप्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका. याला खर्च काहीच नाही.

मुळात सप्लायचाच दोष आहे का, हेही पाहा. डिस्क फिरायला लागताच डिस्प्ले मंद होणे, स्पीकरमध्ये गुणगुण, प्लेअर आपोआप रीसेट होणे, ही सप्लायची लक्षणे. गाणे उड्या मारत असेल किंवा "नो डिस्क" येत असेल तर बहुधा लेन्स, पिकअप (डिस्क वाचणारा लेझरचा भाग) किंवा मोटर. त्यासाठी पिकअपवरचा बारीक प्रीसेट (लेझरचा करंट ठरवणारा स्क्रू) फिरवू नका. लेझरचा करंट वाढून काही दिवस प्लेअर वाजतो, मग लेझर कायमचा जातो, आणि जुन्या मॉडेलचे पिकअप आता सहज मिळत नाहीत.

ग्राहकाने आणलेले पार्ट आम्ही बसवत नाही, यावरून काहीजण नाराज होतात. नामांकित जपानी ब्रँडचे कव्हर चढवलेले नकली नग बाजारात सर्रास मिळतात, आणि त्यांची गॅरंटी आम्ही कशी देणार? आमचा प्रत्येक नग बसवण्याआधी मीटरवर तपासला जातो. काम करण्यापूर्वीचा आणि नंतरचा रिपल स्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) मोजून आकडे बिलावर लिहून देतो, जुने पार्ट पाकिटात परत करतो. जुने नग ठणठणीत निघाले तर तसे सांगतो आणि फक्त तपासणीचे पैसे घेतो. तपासणी फुकट का नाही, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर हेच, की फुकट तपासणाऱ्याला काहीतरी बदलावेच लागते.

डीव्हीडी प्लेअर मात्र घरी उघडून पाहू नका. त्यांत बहुधा एसएमपीएस (थेट घरच्या विजेवर चालणारा स्विचिंग सप्लाय) असतो. त्याच्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो, आणि पिन काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो.

प्लेअर आणताना रिमोट आणि अडकणारी एखादी डिस्क बरोबर आणा. ट्रे रिकामा करून आणा, नाहीतर वाटेतल्या धक्क्यांनी डिस्क आत निसटते.