आद्य ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराची कारणे

येशूला इ. स. ३० च्या सुमारास जेरुसलेममध्ये क्रुसावर चढवले, तेव्हा त्याचे अनुयायी मूठभर होते. ३१३ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने या धर्माला मोकळीक दिली तोवर सीरियापासून स्पेनपर्यंत ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या. म्हणून राजाश्रय हे प्रसाराचे मूळ कारण मानता येत नाही. सम्राटाने हात दिला तो आधीच रुजलेल्या धर्माला.

पहिली वाट ज्यू वस्त्यांतून निघाली. भूमध्य समुद्राकाठच्या शहरांत ज्यूंची सभास्थाने होती, त्यांचे धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आलेले होते. एकच देव मानायला तयार, पण सुंतेपाशी अडलेले अनेक परधर्मीय तिथे येत. इ. स. ४९ च्या सुमारास जेरुसलेममध्ये ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या बैठकीत त्यांच्यावर सुंतेची सक्ती नको असे ठरले आणि मोठाच अडसर दूर झाला.

रोमन रस्त्यांचे श्रेय नेहमी सांगितले जाते. पण त्याच रस्त्यांवरून मिथ्रा या देवाचे उपासकही फिरत होते. खरे बळ मंडळ्या जिथे जमत त्या घरांत होते. फिलिप्पै येथे जांभळ्या कापडाचा व्यापार करणाऱ्या लुदियाने घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतला आणि धर्मप्रचारक पौलाला आग्रहाने आपल्या घरी ठेवून घेतले. फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस येथे तिसऱ्या शतकातले असेच एक घर उत्खननात सापडले. मधली भिंत पाडून दोन खोल्यांची एक केलेली, दुसऱ्या खोलीत बाप्तिस्म्याचा हौद आणि भिंतीवर मेंढपाळाचे चित्र. ११२ च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने ज्या दोघी ख्रिस्ती स्त्रियांचा छळ करून चौकशी केली, त्या दासी होत्या. मंडळीत त्यांना ‘सेविका’ म्हणत. समाजाने खालच्या पायरीवर ठेवलेल्या बाईला इथे काम आणि मान मिळत होता, याचे मोल फार मोठे आहे.

हुतात्म्यांच्या धैर्याचा प्रभाव पडलाच. पण २५० मध्ये सम्राट डेशियसने रोमन देवांना बळी अर्पण करण्याची सक्ती केली तेव्हा अनेकांनी माघारही घेतली. त्यानंतरच्या साथीत, बिशप डायोनिसियस लिहितो, अलेक्झांड्रियातले ख्रिस्ती रुग्णांची शुश्रूषा करता करता स्वतः दगावले. २५१ च्या सुमारास रोमची मंडळी पंधराशेहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसत होती. जुन्या देवांकडे परतलेल्या सम्राट ज्युलियनला हेच सलत होते: हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना सांभाळतात. त्याने ३६२ मध्ये गलतिया प्रांताच्या मुख्य पुरोहिताला शहरोशहरी धर्मशाळा काढायला सांगितले आणि त्यासाठी गहू व मद्याची वार्षिक नेमणूक करून दिली.