लिहिलं काकांनी, मेल थांबली मावशींची

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाचा मेल सर्व्हर आम्हीच चालवतो. मेल पोहोचली नाही की सभासद पहिला फोन मला करतात. एका पत्त्यावर लिहिलं की सगळ्या सभासदांना जाते, अशी आमची मेलिंग लिस्ट आहे; तिच्या बहुतेक तक्रारींचं मूळ 2014 मध्ये निघतं.

आधीचं थोडक्यात. 1982 च्या एसएमटीपीत, म्हणजे मेल पोहोचवायच्या मूळ नियमांत, पाठवणारा खरा की तोतया, हे बघायची सोयच नव्हती. एसपीएफ (2006; डोमेनच्या, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या, वतीने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची यादी) आणि डीकेआयएम (2007; मेलवरची डिजिटल सही) यांनी ती दिली. नापास मेलचं काय करायचं, हे मात्र घेणाऱ्याच्या मर्जीवर राहिलं. डीमार्क नावाची पद्धत आल्यावर डोमेनवालाच सांगू लागला: सोडा, बाजूला ठेवा किंवा 'रिजेक्ट' करा.

खरा घोळ 'फ्रॉम' या शब्दाचा. मेलला दोन फ्रॉम असतात, एक पाकिटावरचा आणि एक आतल्या पत्रावरचा. एसपीएफ पाकीट बघतं, माणूस पत्र बघतो. डीमार्कला एसपीएफ किंवा डीकेआयएममध्ये पास झालेलं डोमेन पत्रावरच्या फ्रॉमशी जुळलेलं हवं. लिस्टमधून गेलेल्या मेलचं पाकीट मंडळाचं, म्हणजे एसपीएफ जुळत नाही. विषयात '[मंडळ]' आणि तळाला दोन ओळी चिकटल्या की डीकेआयएमची सहीही मोडते.

एप्रिल 2014 मध्ये एका बड्या मोफत मेलसेवेने आपल्या डोमेनवर 'रिजेक्ट' लावलं, महिना संपायच्या आत दुसरीनेही. तोतया मेलांचा सुळसुळाट होता, हे कबूल. पण 'रिजेक्ट' बँकेच्या डोमेनला शोभतं; जिथून लोक लिस्टवर गप्पा मारतात तिथे ते लावणं म्हणजे आपला कचरा शेजाऱ्याच्या अंगणात. आमच्याकडे रामबागेतले एक काका त्यातल्याच एका सेवेवरून गणेशोत्सवाच्या वर्गणीबद्दल लिहायचे. पुण्यातल्या सभासदांचे सर्व्हर ती मेल 550 (म्हणजे 'घेत नाही') म्हणून परत पाठवायचे, आणि असे बाउन्स मोजणारं मेलमन हे लिस्टचं सॉफ्टवेअर शिक्षा करायचं ती घेणाऱ्याला. पुण्याच्या एका मावशींना महिनाभर लिस्टवरची कुणाचीच मेल गेली नाही. काकांना पत्ताही नव्हता.

मग लिस्टनेच आतला फ्रॉम बदलून स्वतःचा करायची पळवाट निघाली. 2019 मध्ये एआरसी आलं, म्हणजे 'मी तपासली तेव्हा मेल ठीक होती' असा शिक्का मधल्या सर्व्हरने मारायची सोय, पण छोट्या सर्व्हरच्या शिक्क्याला मोठे किती मान देणार? फेब्रुवारी 2024 पासून सर्वात मोठ्या मेलसेवेला सगळ्यांकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम आणि शिवाय पीटीआर (आयपी पत्त्यावरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद) हवा. दिवसाला 5000 च्या वर पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही. पीटीआर तर आयपी देणाऱ्याच्याच हातात, तिकीट टाकून वाट बघायची.

आता काकांची मेल 'मंडळातर्फे' म्हणून जाते. बाउन्स थांबले. पण फ्रॉममध्ये आता लिस्टचा पत्ता असल्याने, वर्गणी जास्त होते असं काकांना खासगीत कळवायला गेलेल्या दोघांची उत्तरं परवा सगळ्या लिस्टने वाचली.