कव्हरेज आणि नोट्स: पटकथेच्या अभिप्रायाला पैसे भरताना

पटकथा लिहून झाली की सोलापुरात बसून ती दाखवायची कुणाला? सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रातोरात मुंबई गाठता येते, पण तिथे कुणाच्या दारात उभं राहायचं हे माहीत नसतं. मग मोबाइलवर जाहिरात दिसते: पटकथा पाठवा, पैसे भरा, तज्ज्ञांचा अभिप्राय मिळवा. या एका 'अभिप्राय' शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली कव्हरेज. हॉलिवूडच्या स्टुडिओंकडे ढिगानं पटकथा यायच्या. त्या सगळ्या वाचणं निर्मात्याला शक्य नसे, म्हणून पगारी वाचक नेमले गेले. वाचक एक-दोन ओळींत कथासूत्र लिहितो, मग सारांश, मग स्वतःचं मत आणि शेवटी शेरा: पास, कन्सिडर (विचार करा) किंवा रेकमेंड (शिफारस). यातल्या 'पास'चा अर्थ आपल्या निकालपत्रातल्यासारखा नाही, तो 'नको' असा आहे. मुळात हा कागद निर्मात्यासाठी. ही पटकथा वाचण्यात वेळ घालवायचा की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं.

दुसरी गोष्ट नोट्स. त्या लेखकासाठी असतात. कुठे अडलंय, का अडलंय, पुढच्या खर्ड्यात काय हलवून बघायचं, हे त्यात असतं.

मी पैसे भरले ते नोट्स मिळतील असं समजून. माझ्या पटकथेत यंत्रमाग बंद पडलेला बाप घरी काही न सांगता रोज डबा घेऊन निघतो आणि कंबर तलावाकाठी जाऊन बसतो. चार पानांचा अहवाल आला. त्यातली अडीच पानं माझीच गोष्ट मला परत सांगण्यात गेली होती. पुढे 'मध्यंतरापूर्वीचा भाग रेंगाळतो' आणि 'संवादांत व्याकरणाच्या चुका' असं लिहिलेलं. चूक कुठली, तर "कुठं निघलालास बे?" सोलापूरचं माणूस दुसरं काय बोलणार! वाचणाऱ्याच्या कानाला आपली बोली माहीतच नव्हती, याचं मला फार वाईट वाटलं.

पण रेंगाळण्याबद्दलचं त्याचं म्हणणं खरं होतं. ते का रेंगाळतंय, हे मला आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या सरांनी दाखवलं. राज्य नाट्य स्पर्धेत त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. ते म्हणाले, "अगं, सातव्या पानावरच तू बापाला तळ्याकाठी डबा खाताना दाखवलंस. प्रेक्षकाला सगळं कळलं. मग त्याची पोरगी पुढची तीस पानं बाप कुठे जातो ते शोधत बसते, ते आम्ही कशाला बघायचं? तळं मागं ने. आधी तिला एवढंच दिसू दे, की बाप संध्याकाळी घरी आला आणि त्याच्या शर्टावर कापसाचा एक तंतू नाही." दुखणं तिसाव्या पानाला जाणवत होतं आणि त्याचं मूळ सातव्यात होतं. अहवालानं दुखणं बरोबर ओळखलं, मुळापर्यंत तो गेला नाही. तसं जाणं त्याचं कामही नव्हतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या-दुसऱ्या खर्ड्याला कव्हरेज विकत घेऊ नका. पटकथा निर्मात्याकडे जायच्या बेताला आली असेल आणि अनोळखी माणूस ती कशी वाचतो हे बघायचं असेल, तर एकदा घ्यायला हरकत नाही. मात्र विकतच्या 'रेकमेंड'मुळे निर्मात्याचं दार आपोआप उघडेल, ही आशा धरू नका. नोट्सना मी पैसे देईन, पण देणारा मराठी वाचणारा हवा आणि त्यानं स्वतः काहीतरी उभं केलेलं हवं.

त्याआधी घरी वाचन करा. पाच-सहा जण बसवा, पात्रं वाटून द्या, स्वतः गप्प राहा. लोक कुठल्या पानावर चुळबुळ करतात तिथे पेन्सिलीनं खूण करा. पटकथेचं पान साधारण एका मिनिटाचं धरतात, त्यामुळे दोन तासांत सगळं उरकतं आणि खर्च चहाचा.

चोरीची भीती सगळ्यांनाच असते. 1957 च्या कायद्यानं लिहिल्याबरोबर कॉपीराइट तुमचाच होतो. मात्र नुसत्या कल्पनेला संरक्षण नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय. तेव्हा पूर्ण पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून मगच पाठवा, तारखेचा पुरावा राहतो.

आणि पैसे भरण्याआधी सेवेला एक ओळ लिहून विचारा: माझी पटकथा कोण वाचणार, आणि वाचून झाल्यावर त्यांच्याशी अर्धा तास बोलता येईल का? उत्तरात नुसतं दरपत्रक आलं, तर ते कव्हरेज आहे असं धरून चाला.