डाख की दाब : गाडीच्या वायरजोडणीची पार्श्वभूमी

उसाचा हंगाम सुरू झाला की सोलापुरातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहू लागतात. तक्रार बहुतेक वेळा एकच : मागचा लाल दिवा लागत नाही. ट्रॉलीखालची वायर चाचपत गेलं की ती कुठेतरी थिंबलच्या, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या टोपीच्या, तोंडाशी तुटलेली सापडते. मिस्त्री ती सोलतो आणि इथून पुढे दोन पंथ होतात. एक जण नवी थिंबल घालून पकडीने दाबतो. दुसरा सोल्डरिंग आयर्न तापत ठेवतो, कारण त्याचं मत ठाम आहे : "दाबलेलं निसटतंय, झाळलेलं निसटत नाही." दोघांचाही अनुभव खरा आहे. तो एकमेकांच्या उलट का, हे या दोन्ही पद्धती कुठून आणि कशा आल्या ते पाहिलं की उमगतं.

डाख देणं, म्हणजे वितळलेल्या मिश्रधातूने सांधा झाळणं, आपल्याकडे मोटारीच्या कितीतरी आधीचं. कल्हईवाला नवसागर टाकून तापल्या भांड्यावर कथील फिरवायचा, ते याच कुळातलं काम. शुद्ध कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. त्यात शिसं मिसळलं की वितळबिंदू खाली येतो. 63 भाग कथील आणि 37 भाग शिसं घेतलं तर तो 183 अंशांवर येतो. तांबं वितळायला हजाराच्या वर अंश लागतात, त्यामुळे तारेला धक्का न लावता तिच्यावर हा मिश्रधातू ओतता येतो. एकोणिसाव्या शतकात तारयंत्राचं जाळं पसरलं तेव्हा तारांना पीळ देऊन वर डाख देण्याची रीत रूढ झाली. खांबावरची तार वाऱ्याने थोडी हलते, पण सांध्यापाशी ती रोज हजार वेळा वाकत नाही. ती रीत तिथे शोभून दिसली, आणि विजेचं काम शिकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तीच बसली.

मोटारीत सुरुवातीला फारशा वायरी होत्याच कुठे! 1912 मध्ये कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक स्टार्टर बसला, दिवेही विजेवर आले आणि मग बॅटरी, डायनॅमो, स्विच यांना जोडणाऱ्या तारांचा जुडगा गाडीत शिरला. जोडायची कशी, तर जी रीत माहीत होती तिनेच. लगमध्ये, म्हणजे टोकाच्या जाड धातूच्या कडीत, वायर घालून डाख द्यायचा, नाहीतर स्क्रूखाली आवळायची.

ही रीत मोडली ती दुसऱ्या महायुद्धात. एका विमानात तारांची हजारो टोकं असतात. प्रत्येक टोक तापवायचं, धातू स्वच्छ करून डाख पसरू देणारी राळ लावायची, डाख ओतायचा, थंड होऊ द्यायचं, आणि आतपर्यंत गेला की नाही ते बाहेरून ओळखायचं. यासाठी कसलेला हात लागतो, आणि युद्धाच्या घाईत तेवढे कसलेले हात आणायचे कुठून? 1941 मध्ये अमेरिकेत अंकस व्हिटकर यांनी एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. विमानं आणि जहाजं हेच गिऱ्हाईक, ते नावातच आहे. पुढे ती एएमपी या नावाने जगभर ओळखली गेली. तिचा माल म्हणजे डाख न लागणारी थिंबल आणि ती दाबायचं खास हत्यार. या दोन गोष्टी एकत्र विकल्या जात होत्या, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यात कौशल्य कारागिराच्या बोटांतून काढून हत्याराच्या जबड्यात घातलेलं होतं. जबड्याच्या खाचेचा आकार ठरलेला, दाब ठरलेला. दाब पूर्ण होईपर्यंत न उघडणारी रॅचेटची पकड हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा. आज आपल्याला लाल, निळ्या आणि पिवळ्या बाहीच्या थिंबल दिसतात, तो रंगांचा ठराव वायरीच्या जाडीसाठी आहे : लाल दीड चौरस मिलिमीटरपर्यंत, निळी अडीचपर्यंत, पिवळी चार ते सहा.

दाबल्याने नेमकं काय होतं? पुरेशा दाबाखाली तांब्याचे बारीक तंतू गोल राहत नाहीत. ते चेपून षटकोनासारखे एकमेकांत बसतात, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा घासला जातो आणि खालचा स्वच्छ धातू धातूला भिडतो. नीट दाबलेली थिंबल मधोमध कापून घासली तर आत भोक दिसत नाही, भरीव ठोकळा दिसतो. हवा जायला वाट नसते, म्हणून आत गंज चढत नाही.

आणि डाख? वीज वाहून न्यायला तो पुरेसा चांगला आहे. दुखणं वेगळं आहे आणि ते सोलापूरकराला सांगायला सोपं. मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ देतात. खळ बेताची असली तर सूत टिकतं, जास्त झाली तर सूत कडक होतं आणि वाकलं की तुटतं. वितळलेला डाख तंतूंच्या फटींतून वर चढतो, रॉकेल वातीत चढावं तसा. तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो, पुढची वायर लवचीकच राहते. ताठ आणि लवचीक यांची हद्द जिथे येते तिथेच प्रत्येक हिसक्याचा वाक जमा होतो, आणि एकेक तंतू तुटत जातो. खड्ड्यांच्या रस्त्यावर उसाच्या ओझ्याने हिंदकळणाऱ्या ट्रॉलीत ही हद्द लवकर सापडते. म्हणूनच सांधा शाबूत आणि वायर शेजारी तुटलेली, असं दृश्य दिसतं. झाळलेलं निसटत नाही हे मिस्त्रीचं म्हणणं खरंच आहे. निसटत नाही, शेजारी तुटतं.

आपल्याकडे आणखी एक भर पडली. गॅरेजमध्ये तांब्या-पितळेचे रेडिएटर झाळले जायचे. त्यासाठी जस्त विरवलेलं ॲसिड वापरत. पत्र्याला ते चालतं, कारण नंतर ते धुता येतं. तेच वायरीला लावलं तर उरलेलं ॲसिड तंतूंच्या आत राहतं आणि काही महिन्यांत वायर हिरवी पडते. वायरीला राळच हवी.

मग नीट दाबलेलं इतकं चांगलं असताना आपल्या मिस्त्रींचा त्यावर विश्वास का नाही? याचं उत्तर आपल्या गाड्यांच्या इतिहासात आहे. ॲम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्डची भारतीय आवृत्ती, तिची वायरिंगची घडण लुकास या गाड्यांचं विजेचं सामान बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीच्या वळणाची. 1961 मध्ये चेन्नईजवळ पाडी इथे लुकास-टीव्हीएस सुरू झाली. त्या काळच्या गाड्यांत वायरीच्या टोकाला पितळी बुलेट, ती नळीसारख्या सॉकेटमध्ये ठोकायची. दुरुस्तीत त्या बुलेट सर्रास डाख देऊनच बसवल्या जायच्या, आणि त्या वर्षानुवर्षं चालल्याही, कारण त्या वायरी बॉडीला क्लिपांनी घट्ट धरलेल्या असत. आपल्या जुन्या उस्तादांची पिढी या गाड्यांवर शिकली.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली, 1986 मध्ये मदरसन या भारतीय कंपनीने जपानच्या सुमितोमोबरोबर वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या तारांचे तयार जुडगे, बनवायला सुरुवात केली. आता कारखान्यात प्रत्येक पिन यंत्राने दाबलेली. पिनेला पंखांच्या दोन जोड्या, पुढची तांब्याला धरते, मागची इन्सुलेशनला. मागच्या जोडीकडे आपण दुर्लक्ष करतो, पण हिसका ती खाते, तांब्यापर्यंत जाऊ देत नाही. ही समज कारखान्याच्या भिंतीआड राहिली. रस्त्यावरच्या दुकानात आल्या त्या फक्त थिंबल, शेकड्याच्या पुड्यांत. त्यांचं हत्यार बरोबर आलं नाही. मिस्त्रीने हातातल्या साध्या पकडीने थिंबल चपटी केली. चपटी म्हणजे दाबलेली नव्हे. आत फटी राहिल्या, हवा गेली, आणि एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असताना इंजिनशेजारी तापून-निवून सांधा सैल झाला. त्याने पाहिलं की दाबलेलं निसटतं. तो डाखाकडे परतला, आणि हातात असलेल्या साधनांच्या हिशोबाने त्याचा निर्णय शहाणपणाचाच होता. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

सैल सांध्याची किंमत आकड्यांत पाहावी. स्टार्टर 150 अँपिअर ओढत असेल आणि बॅटरीच्या लगमध्ये फक्त 0.01 ओहम अडथळा असेल, तर तिथे दीड व्होल्ट गळतो आणि 225 वॅट उष्णता तयार होते, सोल्डरिंग आयर्नच्या कितीतरी पट. असा सांधा नुसता डाखावर उभा असेल तर डाखच वितळू शकतो.

दोन्ही पंथ जोडणारी तिसरी रीतही आहे. आधी वायरीचं टोक कथलात बुडवायचं आणि मग दाबायचं. ही सगळ्यात वाईट. डाख मऊ असतो, सततच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो आणि पकड ढिली पडते. नासाच्या वायरिंग मानकात दाबायच्या वायरीला आधी असा डाख द्यायला मनाईच आहे. उलट क्रमाने, म्हणजे नीट दाबून वर थेंबभर डाख, हे पुष्कळ जण करतात. वायर मागे पक्की धरलेली असेल तर ते चालून जातं, पण सांधा मुळात नीट दाबलेला असेल तर त्याची गरज नसते.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 या प्रदूषणाच्या कडक निकषाच्या, सेन्सरांनी भरलेल्या गाड्या आल्या आणि प्रश्न आणखी नाजूक झाला. सेन्सरच्या तारांत 5 व्होल्ट आणि नगण्य करंट असतो. दिव्याच्या वायरीत दहावा हिस्सा व्होल्ट गळला तर कुणाला कळत नाही, सेन्सरच्या वायरीत गळला तर कॉम्प्युटर चुकीचं वाचतो. या पिना इतक्या बारीक की डाखाचा एक जादा थेंब त्यांना कपलरमध्ये, म्हणजे पिना अडकवायच्या प्लास्टिकच्या जोडात, बसू देत नाही.

रॅचेटची बरी पकड आता दोन हजार रुपयांच्या आत मिळते. ट्रॉलीच्या त्या वायरीसाठी एवढं पुरे : जाडीप्रमाणे थिंबल, तिच्याच मापाच्या खाचेत दाब, दाबल्यावर जोरात ओढून पाहणं, आणि थिंबलपासून चार बोटांवर वायर चॅसिसला क्लिपने धरणं. शेवटची क्लिप डाख देणाऱ्यानेही मारावी.