हवेतून पाणी मिळविणारी घरगुती यंत्रे

हवेतील बाष्प थंड करून किंवा शोषून घेऊन त्यापासून पिण्याजोगे पाणी देणारी, बहुधा विजेवर चालणारी लहान यंत्रे. बाजारात त्यांना ‘एअर टू वॉटर मशीन’ किंवा नुसते ‘एडब्ल्यूजी’ (ॲटमॉस्फेरिक वॉटर जनरेटर) म्हणतात. मराठी शास्त्रीय लेखनात त्यांना ‘वातावरणीय जलजनित्र’ म्हणता येईल. घरगुती नमुन्यांची जाहीर क्षमता साधारणतः दिवसाला 10 ते 30 लि. असते. धुके जाळ्यांवर अडवून पाणी गोळा करण्याची पद्धत (उदा., चिलीतील एल तोफोच्या डोंगरावर चुंगुंगो गावासाठी उभारलेली जाळी) या नोंदीत येत नाही. धुक्यात पाणी आधीच थेंबांच्या रूपात असते, ते फक्त अडवावे लागते. बाष्पाचे पाणी करण्यासाठी मात्र त्यातील उष्णता काढून घ्यावी लागते, आणि या यंत्रांच्या सर्व मर्यादा तेथूनच सुरू होतात.

तत्त्व : पृथ्वीच्या वातावरणात कोणत्याही क्षणी सु. 13,000 घ.किमी. पाणी असते. जाहिरातींत हा आकडा वारंवार येतो, पण घरातल्या यंत्राला तो लागू पडत नाही. यंत्राच्या वाट्याला येते ती पंख्याने ओढलेली हवा. 30° से. तापमानाच्या 1 घ.मी. हवेत जास्तीत जास्त सु. 30 ग्रॅ. बाष्प मावते, 20° से.ला सु. 17 ग्रॅ. आणि 10° से.ला सु. 9.4 ग्रॅ. हवा थंड करीत नेली, की एका ठराविक तापमानाला ती संपृक्त होते व त्याखाली पाणी सुटू लागते. हे तापमान म्हणजे दवबिंदू. यंत्रातील शीत नळ्यांचे तापमान दवबिंदूच्या खाली असेल तरच थेंब जमतो. नळ्या 0° से.च्या खाली नेल्यास पाण्याऐवजी हिम साचते, वाट अडते व यंत्राला हिम वितळविण्यासाठी थांबावे लागते. त्यामुळे व्यवहारात यंत्रातून बाहेर पडणारी हवा 5 ते 10° से.च्या खाली फारशी नेली जात नाही.

क्षमतेचा आकडा बहुतेक उत्पादक 30° से. तापमान व 80 टक्के सापेक्ष आर्द्रता (त्या तापमानाला मावू शकणाऱ्या बाष्पापैकी हवेत प्रत्यक्ष असलेला हिस्सा) धरून देतात. अशा हवेत दर घ.मी.ला सु. 24 ग्रॅ. बाष्प असते. ती 10° से.पर्यंत थंड केली तर सु. 15 ग्रॅ. पाणी सुटते, म्हणजे 10 लि. पाण्यासाठी सु. 670 घ.मी. हवा यंत्रातून जावी लागते. तेच यंत्र 25° से. व 50 टक्के आर्द्रतेच्या हवेत ठेवले, तर दर घ.मी.मागे जेमतेम 2 ते 3 ग्रॅ. हाती लागतात व उत्पादन जाहीर आकड्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. 40° से. व 15 टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू सु. 8° से. असतो, 10° से.च्या नळ्यांवर अशा हवेतून थेंबही पडत नाही.

येथे एक गैरसमज विशेष आढळतो. रात्री सापेक्ष आर्द्रता वाढते म्हणून रात्री अधिक पाणी मिळेल असे मानले जाते. प्रत्यक्षात हवा थंड झाल्यामुळे टक्केवारी वाढलेली असते, दर घ.मी.मधील बाष्प जवळजवळ तेवढेच राहते. रात्रीचा फायदा एवढाच, की हवा आधीच निवलेली असल्याने ती थंड करण्यास वीज कमी लागते.

ऊर्जेचा हिशेब : सामान्य तापमानाला 1 लि. पाण्याइतक्या बाष्पाचे द्रवात रूपांतर होताना सु. 2,440 किलोजूल, म्हणजे जवळजवळ 0.68 युनिट (किलोवॉट-तास) एवढी अप्रकट उष्णता बाहेर पडते. ही उष्णता निर्माण करायची नसून हलवायची असते, म्हणून प्रशीतन यंत्रणा तिच्या साधारण एक-तृतीयांश विजेत ते काम करू शकते. मात्र बाष्पाबरोबर कोरडी हवाही थंड करावी लागते आणि पंख्याचा खर्च वेगळा असतो. दमट हवेत चांगल्या यंत्राला दर लिटरमागे सु. 0.4 ते 0.5 युनिट लागतात असे धरणे योग्य. मध्यम आर्द्रतेत कोरड्या हवेवरचा खर्च बाष्पावरच्या खर्चाच्या कित्येक पट होतो व आकडा 1 युनिटच्या आसपास किंवा पुढे जातो. वीज दर युनिटला 10 रु. धरली, तर पाण्याचा लिटर उत्तम हवेत 4 ते 5 रुपयांना आणि साधारण हवेत 10 रुपयांना पडतो. यंत्राची किंमत व गाळण्या यांत धरलेल्या नाहीत. समुद्राचे पाणी व्यस्त तर्षणाने (आर. ओ.) गोडे करण्यास दर 1,000 लिटरला सु. 3 ते 4 युनिट पुरतात. हवेतून तेवढेच पाणी मिळविण्यास शंभरपटीहून अधिक वीज लागते. दर लिटरला काही पैशांच्या विजेत भरपूर पाणी देण्याचा दावा कोणी केला, तर तो या हिशेबावर तपासावा. अप्रकट उष्णता ही पाण्याचा गुणधर्म आहे. नवीन रचनेने ती कमी होत नाही.

दगडी वायुकूपांचा वाद : हवेतील बाष्प दवरूपाने गोळा करण्यासाठी रचलेला दगडांचा ढीग किंवा वास्तू म्हणजे वायुकूप. हवेतून पाणी मिळविण्याच्या कल्पनेचा उगम बहुधा क्रिमियातील फिओदोसिया या गावाशी जोडला जातो. सु. 1900 मध्ये तेथील वनाधिकारी व अभियंता फ्रीड्रिख झिबोल्ड यांना डोंगरउतारावर चुनखडकाचे मोठे ढीग व त्यांच्या परिसरात भाजक्या मातीच्या नळांचे अवशेष आढळले. प्राचीन ग्रीक वसाहत थिओदोसिया येथील रहिवासी या ढिगांतून दव गोळा करून नळांनी गावातील कारंज्यांना पुरवीत असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पडताळण्यासाठी त्यांनी तेपे-ओबा टेकडीवर, सु. 288 मी. उंचीवर, 20 मी. व्यासाचे वाडग्यासारखे दगडी पात्र बांधून त्यावर 6 मी. उंचीचा गोट्यांचा ढीग रचला. 1912 च्या सुमारास त्यातून दिवसाला 360 लि.पर्यंत पाणी मिळाल्याचे सांगितले जाते. तळाला गळती लागल्याने 1915 मध्ये प्रयोग थांबला. पात्राचे अवशेष अद्याप आहेत.

या यशाच्या वार्तेने फ्रान्समध्ये दोन मोठे प्रयत्न झाले. लेओं शाप्ताल यांनी माँपेल्येजवळ सु. 1930 मध्ये चुनखडकाच्या तुकड्यांनी भरलेली काँक्रीटची लहान पिरॅमिडसारखी वास्तू बांधली. पहिल्या हंगामातील सहा महिन्यांत तिच्यातून सु. 100 लि. पाणी निघाले व पुढील वर्षी त्याच्या निम्म्याहून कमी. बेल्जियन अभियंता आशील नापेन यांनी त्रां-आं-प्रोव्हांस येथे सु. 14 मी. उंचीची जाड भिंतींची वास्तू उभारली (1930–31). तिने एका रात्रीत काही लिटरांपलीकडे पाणी दिले नाही. ती वास्तू आजही पाहावयास मिळते.

झिबोल्ड यांचा मूळ तर्क आता बहुतेक अभ्यासक स्वीकारीत नाहीत. ते ढीग दफनाचे टेकाड असावेत व नळांचा त्यांच्याशी संबंध नसावा, हे मत पुराव्याच्या दृष्टीने अधिक सबळ दिसते. इझ्राएलमधील नेगेव्ह वाळवंटातील दगडांच्या राशींविषयीही असाच मतभेद आहे. त्या द्राक्षवेलींना दव पुरविण्यासाठी रचल्या होत्या या जुन्या समजुतीऐवजी, उतारावरील दगड वेचून पावसाचे पाणी व गाळ शेताकडे वाहू देणे हा त्यांचा हेतू होता, हे मिखाएल एव्हेनारी यांच्या संशोधनातून पुढे आलेले स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. झिबोल्ड यांच्या स्वतःच्या ढिगाने पाणी दिले, हे मात्र नाकारले जात नाही. फ्रेंच भौतिकीविज्ञ दानिएल बेसां व सहकाऱ्यांनी 1990 नंतर या प्रश्नाचा पुन्हा अभ्यास केला. त्यांच्या विवेचनाचा रोख असा, की दगडांचे प्रचंड वस्तुमान रात्रीत पुरेसे थंड होत नाही. दवासाठी हलका, जमिनीपासून उष्णतारोधित व आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करणारा पातळ पृष्ठभाग हवा. अशा पृष्ठभागावरही एका रात्रीत दर चौ.मी.ला सु. 0.8 लि. ही सैद्धांतिक कमाल आहे, कारण निरभ्र आकाशाकडे जाणारी उष्णता दर चौ.मी.ला 100 वॉटपेक्षा फारशी वाढत नाही. भारतात याच तत्त्वावर अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील गिरजा शरण यांनी कच्छमधील कोठारा परिसरात दवसंकलनाचे प्रयोग केले. कच्छच्या किनारपट्टीत पाऊस अल्प असला तरी ऑक्टोबर ते मे या काळात दव पडते. विजेविना, बांधकामाच्या खर्चात पाणी देणाऱ्या या प्रयोगांकडे यंत्रांच्या चर्चेत फार कमी लक्ष गेले आहे.

यांत्रिक व शोषक प्रकार : आजचे घरगुती यंत्र रचनेने आर्द्रताहारकच (डीह्युमिडिफायर) असते, पंखा, धूळगाळणी, कॉम्प्रेसर व शीत नळ्या यांना टाकी, कार्बनगाळणी व जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवा यांची जोड दिलेली असते. हवेतील आर्द्रता शीत नळ्यांनी आटोक्यात ठेवण्याचे तंत्र विलिस कॅरियर यांनी ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी 1902 मध्ये मांडले, तेव्हापासून मूळ रचनेत फारसा फरक नाही.

दुसऱ्या प्रकारात सिलिका जेल, झिओलाइट किंवा कॅल्शियम क्लोराइडसारखे क्षार बाष्प शोषतात व तापविल्यावर सोडतात. हा प्रकार कोरड्या हवेतही चालतो. मात्र शोषलेले पाणी सोडविण्यास पूर्ण अप्रकट उष्णता पुरवावी लागते, म्हणून तो सूर्याच्या किंवा टाकाऊ उष्णतेवरच परवडतो. या क्षेत्रात ओमार याघी यांच्या धातू-सेंद्रिय चौकटींविषयी (धातूचे अणू व सेंद्रिय रेणू जोडून बनविलेले, अतिसूक्ष्म पोकळ्यांचे पदार्थ) मोठी अपेक्षा आहे (रसायनशास्त्राचे 2025 चे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा व रिचर्ड रॉबसन यांच्यासह). 2017 मध्ये याघी व एव्हलिन वँग यांच्या गटांनी 20 टक्के आर्द्रतेत दर किग्रॅ. पदार्थामागे दिवसाला 2.8 लि. हा आकडा दिला; तो अल्प नमुन्यावरून काढलेला होता. 2019 मध्ये मोहावी वाळवंटातील सुधारित यंत्राने दर किग्रॅ.ला सु. 0.7 लि. दिले. वाळवंटात मिळालेले हे पाणी शास्त्रीय दृष्ट्या लक्षणीय आहे, परंतु घरापुरत्या पाण्याला अजून त्यात बरेच अंतर आहे.

घरातील वापर : 3 × 4 मी.च्या, 3 मी. उंचीच्या बंद खोलीत 28° से. व 60 टक्के आर्द्रता असताना एकूण बाष्प सु. 600 ग्रॅ. असते. दारे-खिडक्या लावून यंत्र चालविल्यास पहिल्या पाव लिटरनंतर त्याला काढण्यासारखे थोडेच उरते. यंत्र खिडकीशी किंवा गॅलरीत ठेवावे लागते, आणि ते जेवढी उष्णता हलविते ती (वापरलेल्या विजेसह) खोलीतच सोडते, हेही लक्षात घ्यावे. त्याच खोलीत वातानुकूलक चालू असेल, तर दोन्ही यंत्रे एकाच बाष्पासाठी वीज खर्च करतात.

मिळणारे पाणी जवळजवळ क्षारविरहित असते. चवीसाठी व पोषणासाठी त्यात खनिजे मिसळावी लागतात. ते आपोआप शुद्ध असते, ही समजूत चुकीची आहे. खोलीतील अमोनिया, रंगांची व स्वच्छता-द्रव्यांची बाष्पे त्यात विरघळतात, नळ्यांच्या जोडांतून धातू येऊ शकतात आणि कोमट टाकीत जिवाणूंचा थर वाढतो. याच कारणाने वातानुकूलकाच्या नळीतून ठिबकणारे पाणी पिऊ नये. ते झाडांना व फरशीला चालते.

महाराष्ट्रात व गोव्यात या यंत्रांचे उत्पादन प्रदेशानुसार फार बदलते. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर मे महिन्यातही हवेत दर घ.मी.ला 20 ग्रॅ.पेक्षा अधिक बाष्प असते व यंत्र जाहीर आकड्याच्या जवळ जाते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी, तसेच मराठवाडा-विदर्भात मार्च ते मे या काळात, म्हणजे टँकरची वाट पाहिली जाते नेमक्या त्या दिवसांत, ते जवळजवळ रिकामे चालते. डिसेंबरातील पुण्याची दव पडलेली सकाळ ओलसर भासते, परंतु 12° से.च्या हवेत मुळात बाष्पच 9–10 ग्रॅ. असते. शहरी पाणीपुरवठ्याचे मान दरडोई दररोज 135 लि. आहे, चौघांच्या कुटुंबाच्या 540 लि.पैकी 10 लि.चे यंत्र 2 टक्क्यांहून कमी भागविते. चौघांचे पिण्याचे पाणी, तेही दमट महिन्यांत, एवढीच त्याच्याकडून रास्त अपेक्षा ठेवता येते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने नेलेल्या पहिल्या खेपेत 5 लाख लि. पाणी होते, तेवढे हवेतून काढायचे तर किनाऱ्यावरच्या हवेतही 2 लाखांहून अधिक युनिट लागली असती.

सार्वजनिक ठिकाणी मोठी यंत्रे बसविण्याचे काही प्रयत्न झाले आहेत. सिकंदराबाद स्थानकावर 2019 मध्ये ‘मेघदूत’ नावाचे यंत्र बसविण्यात आले, तर मध्य रेल्वेने 2022 मध्ये मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, ठाणे इ. स्थानकांसाठी अशा यंत्रांच्या पाणी-विक्रीकेंद्रांना परवाने दिले. पेरूची राजधानी लिमाजवळ 2013 मध्ये एका अभियांत्रिकी विद्यापीठाने महामार्गावरील जाहिरातफलकात अशी यंत्रे बसवून तीन महिन्यांत सु. 9,450 लि. पाणी मिळविले, तेथे पाऊस जवळजवळ पडत नाही, पण समुद्रावरून येणारी हवा अतिशय दमट असते.